अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रिया आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर: विषाणूचे प्रकार, जगण्यातली तफावत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

गर्भाशयमुखाचा कॅन्सर म्हणजे आपल्याकडे बायका ज्याला ‘पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर’ म्हणतात तो. तो एका विषाणूमुळे होतो, व्हायला पंधरा-वीस वर्षं घेतो आणि त्या काळात कधीही पकडला तर थांबवता येतो. असं असूनही अमेरिकेत २०२४ साली सुमारे १३,८०० स्त्रियांना तो होईल आणि ४,३०० हून अधिक स्त्रिया त्याने दगावतील, असा अंदाज अमेरिकन कॅन्सर सोसायटीने मांडला होता. या मृत्यूंमध्ये कृष्णवर्णीय स्त्रियांचा वाटा त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने बराच मोठा आहे. ‘त्यांच्यात विषाणूच वेगळा असतो’ हे त्यावरचं उत्तर हल्ली वारंवार ऐकू येतं. त्यात तथ्य आहे, पण त्याने सगळा हिशेब लागत नाही. तो कुठे लागतो आणि कुठे लागत नाही, हे खाली सविस्तर दिलं आहे.

विषाणूमुळे कॅन्सर होतो, म्हणजे नेमकं काय होतं?

ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजेच एचपीव्ही, शरीरसंबंधातून त्वचेच्या आणि आतल्या नाजूक अस्तराच्या स्पर्शाने पसरतो. लैंगिक आयुष्य सुरू झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो कधी ना कधी होतोच. तेव्हा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून कुणाच्या चारित्र्यावर बोट ठेवायचं काही कारण नाही. दहापैकी नऊ जणींचं शरीर साधारण दोन वर्षांत विषाणूचा बंदोबस्त करतं, तेही काही न जाणवता.

उरलेल्या स्त्रियांमध्ये विषाणू गर्भाशयमुखाच्या पेशींत तळ ठोकतो. पॅप तपासणीची, म्हणजे गर्भाशयमुखावरून अलगद खरवडून घेतलेल्या पेशींची, काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली की अशी पेशी ओळखू येते. निरोगी पेशी पातळ, पसरट असते आणि मधोमध छोटासा गोल ठिपका असतो. विषाणू शिरलेल्या पेशीत हा ठिपका मोठा, गडद आणि मनुकेसारखा सुरकुतलेला दिसतो, आणि त्याच्याभोवती काचेसारखं स्वच्छ कडं पडतं. या अवस्थेतून बहुतेक पेशी परत ताळ्यावर येतात. पण विषाणूची ई-६ आणि ई-७ ही दोन प्रथिनं पेशीवाढीला लगाम घालणारी यंत्रणा मोडून टाकू शकतात. तो लगाम वर्षानुवर्षं सुटलेलाच राहिला, तर पुढे कॅन्सर होतो.

१६, १८, ३५ हे आकडे कशाचे?

एचपीव्हीचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत आणि त्यांना सापडले त्या क्रमाने नंबर दिले आहेत. त्यामुळे नंबर मोठा म्हणजे धोका मोठा, असं समजू नका. ६ आणि ११ मुळे चामखिळीसारख्या गाठी येतात, कॅन्सर सहसा होत नाही. कॅन्सरच्या वाटेवर नेणारे प्रकार डझनभर आहेत. त्यात १६ आणि १८ सर्वांत घातक, जगातल्या दर दहापैकी सात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरना हे दोघेच जबाबदार असतात. त्यांच्या मागे ३१, ३३, ३५, ३९, ४५, ५१, ५२, ५६, ५८, ५९, ६८ अशी रांग आहे.

यांच्यात भाऊबंदकीही आहे. ३१, ३३, ३५, ५२, ५८ हे १६ च्या कुळातले, तर ३९, ४५, ५९, ६८ हे १८ च्या कुळातले.

कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये वेगळे प्रकार सापडतात, हे खरं आहे का?

हो, काही अंशी खरं आहे. २०१३ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी, पॅप तपासणीत बिघाड आढळलेल्या स्त्रियांचा अभ्यास मांडला. गोऱ्या स्त्रियांच्या तुलनेत आफ्रिकन-अमेरिकन स्त्रियांमध्ये १६ आणि १८ कमी आढळले, ३३, ३५, ५८ आणि ६८ जास्त. तेव्हाच्या लसींत कॅन्सर करणाऱ्या प्रकारांपैकी फक्त १६ आणि १८ होते. ‘मग ही लस मुळात कुणासाठी बनवली?’ असा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि तो रास्तच होता.

त्यातला ३५ नंबर विशेष लक्षात ठेवावा. जगभरात तो सुमारे दोन टक्के कॅन्सरमध्येच सापडतो, पण सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत त्याचं प्रमाण इतर कुठल्याही भागापेक्षा जास्त आहे. २०२० मध्ये या विषाणूच्या जनुकीय रचनेवर एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ३५ ची एक विशिष्ट उपशाखा आफ्रिकन-अमेरिकन स्त्रियांमध्ये कॅन्सरच्या उंबरठ्यावरच्या बिघाडाशी ठळकपणे जोडलेली असल्याचं त्यात दिसलं.

म्हणजे हा रक्तातला, वंशातला फरक आहे का?

इथे घाई करू नये. विषाणू माणसांबरोबर प्रवास करतो. हजारो वर्षं माणसं आणि विषाणू एकाच भूभागात राहिले की काही प्रकार तिथे जास्त टिकतात, आणि लोक स्थलांतरित झाले, किंवा साखळदंडांत बांधून नेले गेले, की विषाणूही त्यांच्याबरोबर जातो. शिवाय आपण जोडीदार बहुतांशी आपापल्या समाजातून निवडतो, म्हणून एखादा प्रकार एका समाजात फिरत राहतो. एवढ्याने बराच खुलासा होतो. शरीराची प्रतिकारशक्ती एखाद्या प्रकाराला कसा प्रतिसाद देते यातही काही जनुकीय भाग असू शकतो, त्यावर काम सुरू आहे.

२०१२ मध्ये साउथ कॅरोलिना विद्यापीठातल्या विद्यार्थिनींच्या पाहणीत, कृष्णवर्णीय मुलींच्या शरीरातून एचपीव्ही जायला गोऱ्या मुलींपेक्षा जास्त वेळ लागतो, असं दिसलं होतं. ही पाहणी काही शे मुलींचीच होती. तिच्या बळावर ‘त्यांचं शरीरच तसं’ म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. अमेरिकेच्या नोंदींमधला ‘कृष्णवर्णीय’ हा रकाना स्त्रीने स्वतः सांगितल्यावरून भरला जातो. त्यात अलाबामात सात-आठ पिढ्या राहिलेली शेतमजूर असते, हैतीतून मायामीत आलेली बाई असते आणि नायजेरियातून शिकायला आलेली डॉक्टरही असते.

आत्ताच्या लसीत ३५ आहे का? नसेल तर लस घेऊन काय उपयोग?

नाही, ३५ तिच्यात नाही. डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या गार्डासिल-९ मध्ये ६, ११, १६, १८, ३१, ३३, ४५, ५२ आणि ५८ आहेत. म्हणजे ड्यूकच्या यादीतले ३३ आणि ५८ आले, ३५ आणि ६८ बाहेर राहिले.

पण उपयोग नाही, हे साफ चुकीचं आहे. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या कॅन्सरमध्येही सर्वांत जास्त वाटा १६ आणि १८ चाच आहे. प्रमाण थोडं कमी-जास्त होतं, पण पहिला नंबर बदलत नाही. म्हणून लस घ्यायचीच. पुढच्या लसीत ३५ हवा ही मागणीही करत राहायची.

अमेरिकेत ११-१२ व्या वर्षी मुली आणि मुलगे दोघांनाही लस देतात, नवव्या वर्षापासूनही देता येते. न्यू जर्सी किंवा बे एरियात राहणाऱ्या मराठी आई-वडिलांकडून ‘इतक्या लवकर कशाला?’ असा प्रश्न येतो. विषाणूशी गाठ पडायच्या आधी दिली तरच लस पूर्ण काम करते, म्हणून लवकर.

मृत्यूच्या आकड्यांत किती फरक आहे?

निदानानंतर पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्या गोऱ्या स्त्रिया शंभरात ६७ च्या आसपास, कृष्णवर्णीय स्त्रिया साठच्याही आत. हा आकडा नेहमी सांगितला जातो. मात्र मृत्युदराच्या नेहमीच्या आकड्यांत एक मोठी चूक वर्षानुवर्षं लपून होती आणि ती समजून घेण्यासारखी आहे.

समजा, गावात शंभर विहिरी आहेत. त्यातल्या वीस बुजवल्या आहेत. उरलेल्या ८० पैकी आठ विहिरींचं पाणी दूषित निघालं. तर प्रमाण शंभरात आठ म्हणायचं की ८० त आठ? बुजवलेल्या विहिरीत पाणीच नाही, तर ते दूषित कुठून होणार? गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं तसंच आहे. ज्या बाईची पिशवी तोंडासकट काढली आहे, तिला हा कॅन्सर होऊच शकत नाही. तरी मृत्युदर काढताना तिलाही भाजकात धरलं जात होतं.

जॉन्स हॉपकिन्सच्या अ‍ॅन रोझिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये, २००० ते २०१२ या काळातल्या मृत्यूंच्या नोंदी घेऊन ही चूक दुरुस्त केली. कृष्णवर्णीय स्त्रियांचा मृत्युदर दर लाखामागे ५.७ समजला जात होता, तो १०.१ निघाला. गोऱ्या स्त्रियांचा ३.२ वरून ४.७ झाला. दोघींचे आकडे वाढले, पण कृष्णवर्णीय स्त्रियांचा जास्त वाढला. कारण फायब्रॉइडच्या गाठींमुळे पिशवी काढण्याचं प्रमाण त्यांच्यात जास्त आहे. तफावत नेहमीच्या आकड्यांत दिसत होती त्यापेक्षा मोठी होती, आणि ती त्या चुकीच्या भाजकाखाली झाकली गेली होती.

(हे वाचताना मला बीड आठवतं. ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पिशव्या काढल्या जात असल्याच्या बातम्यांनंतर राज्य सरकारच्या समितीने २०१९ मध्ये ८२ हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. अशा भागात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं प्रमाण मोजताना भाजकाचा विचार आपणही करायला हवा.)

विषाणूच्या प्रकारावर जगणं-मरणं ठरतं का?

कॅन्सर एकदा झाल्यावर सर्वांत जास्त फरक पडतो तो टप्प्याने. रोग गर्भाशयमुखापुरता असेल तर पाच वर्षांनी शंभरात नव्वद जणी जिवंत असतात. आसपास पसरला असेल तर साठ. दूरच्या अवयवांत गेला असेल तर वीसही नाहीत. उपचार ठरवताना डॉक्टर टप्पा बघतात, गाठीचा आकार बघतात, मूत्रपिंडं कशी आहेत ते बघतात. १६ आहे की ३५, यावरून औषध बदलत नाही.

प्रकाराचा थोडा संबंध आहे तो असा: ज्या गाठींत एचपीव्ही मुळात सापडतच नाही, अशा थोड्या गाठी जास्त चिवट असतात. आणि १८ च्या कुळातले प्रकार ग्रंथींच्या पेशींतून होणाऱ्या कॅन्सरमध्ये जास्त सापडतात. तो कॅन्सर गर्भाशयमुखाच्या आतल्या नळीत वाढत असल्याने पॅप तपासणीत निसटू शकतो. पण गोऱ्या आणि कृष्णवर्णीय स्त्रियांच्या मृत्यूंतली एवढी मोठी दरी केवळ विषाणूच्या नंबराने भरून निघत नाही.

मग दरी पडते कुठे? कृष्णवर्णीय स्त्रिया तपासणीलाच येत नाहीत का?

हा गैरसमज सर्वांत जास्त नुकसान करतो. स्त्रियांनी स्वतः सांगितलेल्या माहितीप्रमाणे पॅप किंवा एचपीव्ही तपासणी करून घेण्यात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रिया गोऱ्या स्त्रियांच्या मागे नाहीत. दरी पडते ती त्यानंतर.

तपासणी म्हणजे फक्त पहिली पायरी. रिपोर्टमध्ये बिघाड आला, तर तो बाईपर्यंत पोचायला हवा. मग कोल्पोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून गर्भाशयमुख बघणं. मग बायोप्सी. मग कॅन्सर होण्याआधीच तो बिघडलेला भाग काढणं. कॅन्सर निघालाच तर स्त्रियांच्या कॅन्सरचे खास सर्जन, रेडिएशन, केमो. या प्रत्येक पायरीसाठी वेगळी तारीख, वेगळा दवाखाना, वेगळं बिल आणि कामावरून वेगळी सुट्टी लागते. प्रत्येक पायरीवर थोड्या थोड्या बायका गळतात.

ज्यांच्याकडे विमा नाही, गाडी नाही, पगारी रजा नाही, त्या जास्त गळतात. गरिबांसाठीच्या मेडिकेड योजनेची व्याप्ती २०१० च्या आरोग्य कायद्याने वाढवायची होती, पण ती वाढवायची की नाही हे न्यायालयाने राज्यांवर सोडलं. अलाबामा, मिसिसिपी, जॉर्जिया, साउथ कॅरोलिना, टेक्सास, फ्लोरिडा ही ज्यांनी ती पूर्ण वाढवली नाही त्यांतली दक्षिणेकडची राज्यं. आणि अमेरिकेतले निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय लोक दक्षिणेतच राहतात.

कॅन्सर उशिरा सापडण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय स्त्रियांत जास्त. लवकर सापडला तरी शस्त्रक्रिया मिळण्याचं प्रमाण कमी. आणि पुढच्या टप्प्यात सर्वांत महत्त्वाचा जो उपचार, तोही कमी मिळतो. त्याबद्दल पुढे सविस्तर.

ब्रॅकीथेरपी म्हणजे काय आणि तिच्यावर एवढा जोर का?

आपल्याकडे रेडिएशनला पेशंट ‘शेक’ म्हणतात. त्यात दोन प्रकार. बाहेरचा शेक म्हणजे टेबलावर झोपायचं आणि यंत्र वरून फिरतं. आतला शेक म्हणजे ब्रॅकीथेरपी. भूल दिली जाते, गर्भाशयाच्या पोकळीत एक बारीक नळी सरकवतात आणि गर्भाशयमुखाला टेकून दुसरं साधन बसवतात. ते हलू नये आणि मूत्राशय, गुदाशय जरा दूर राहावेत म्हणून गॉज भरतात. स्कॅन काढून हिशेब होतो. मग सगळे खोलीबाहेर जातात आणि तांदळाच्या दाण्याएवढा इरिडियमचा स्रोत एका तारेच्या टोकाला बसून नळीतून आत जातो, ठरल्या जागी ठरलेले सेकंद थांबतो आणि परत पेटीत येतो. काही मिनिटांचं काम. असं साधारण तीन ते पाच वेळा.

गाठ आजूबाजूला पसरली असली, तरी बरं होण्याची आशा बरीचशी या आतल्या शेकावर असते, कारण इतका तीव्र डोस बाहेरून देता येत नाही. बाहेरचा शेक, दर आठवड्याला सिसप्लॅटिनचं केमो आणि आतला शेक हे सगळं मिळून आठ आठवड्यांत संपायला हवं. लांबलं की रोग परत डोकं वर काढतो.

माझ्या मावशीला हा उपचार झाला होता. तिसऱ्या फेरीच्या वेळी रुग्णालयाजवळ राहायची सोय होईना, घरी म्हातारी सासू एकटी. ‘एक शेक राहिला तर काय बिघडतं?’ असं ती मला फोनवर म्हणाली होती. काय बिघडतं हे तोवर तिला कुणी सांगितलंच नव्हतं. शेवटी चुलतभाऊ तिला घेऊन गेला, राहिलेल्या फेऱ्या पार पडल्या. अलाबामातली बाई असो की आमची मावशी, आतला शेक चुकतो तो अशाच कारणांनी.

२०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर डेटाबेसमधल्या हजारो नोंदी तपासल्या गेल्या. कृष्णवर्णीय स्त्रियांना ब्रॅकीथेरपी कमी वेळा मिळाली होती. ज्यांना मिळाली, त्यांच्यात मात्र गोऱ्या-काळ्या स्त्रियांच्या जगण्यातला फरक उरला नव्हता.

समान उपचार मिळाले तर समान आयुष्य मिळतं, याला पुरावा आहे?

आहे, आणि जुना आहे. अमेरिकन सैन्याच्या रुग्णालयांत सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांना सारखेच उपचार मिळतात, पैशाचा आणि विम्याचा प्रश्न येत नाही. तिथल्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या रुग्णांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. आफ्रिकन-अमेरिकन आणि गोऱ्या स्त्रियांच्या जगण्यात फरक नव्हता.

माझ्या मते या पानावरची सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. त्या स्त्रियांच्या शरीरात विषाणूचे प्रकार वेगळे असण्याचं काही कारण नाही, ३५ सुद्धा असावा. फक्त उपचार वेळेवर आणि पूर्ण झाले. विषाणूवर संशोधन व्हायलाच हवं, पण ‘विषाणूच वेगळा’ म्हणताना दवाखान्यांचं, विम्याचं, अंतराचं काही बोलायचं राहून जात असेल, तर तो त्या बायकांवर दुसरा अन्याय आहे.

डॉक्टरांवर विश्वास नाही म्हणून त्या उपचार टाळतात, असं म्हणतात. तसं आहे का?

अविश्वास आहे, पण तो कुठून आला तेही बघावं. गर्भाशयमुख तपासताना जे स्पेक्युलम वापरतात, त्याच्या आजच्या रूपाशी जे. मॅरियन सिम्स या डॉक्टरचं नाव जोडलेलं आहे. १८४० च्या दशकात अलाबामातल्या माँटगमरी इथे त्याने गुलाम स्त्रियांवर भूल न देता शस्त्रक्रियांचे प्रयोग केले. त्यातल्या तिघींची नावं आपल्याला माहीत आहेत: अनार्का, लूसी, बेट्सी. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला त्याचा पुतळा २०१८ मध्ये हलवण्यात आला. त्याच अलाबामात टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सरकारी आरोग्य खात्याने सिफिलिस झालेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांवर उपचार न करता फक्त निरीक्षण केलं. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही त्यांना ते दिलं नाही.

आणि हेन्रिएटा लॅक्स. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर उपचार घेताना तिच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती गेली, वय ३१. त्या पेशी प्रयोगशाळेत आजही वाढताहेत, ‘हेला’ या नावाने. पुढे १९८० च्या दशकात त्या पेशींत एचपीव्ही १८ सापडला. एचपीव्ही आणि या कॅन्सरचं नातं दाखवल्याबद्दल हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं. लॅक्स कुटुंबाची आणि पेशी विकून नफा कमावणाऱ्या एका मोठ्या कंपनीची तडजोड २०२३ मध्ये झाली. विषाणूच्या प्रकारांबद्दल आपण आज जे बोलतो, त्याच्या मुळाशी एका कृष्णवर्णीय बाईची गाठ आहे.

एवढं सगळं असूनही, वर म्हटल्याप्रमाणे, या स्त्रिया तपासणीला येतात. त्यामुळे अविश्वासाचं कारण पुढे करून व्यवस्थेने हात झटकू नयेत.

अलाबामाचं नाव सारखं का येतं?

तिथल्या ‘ब्लॅक बेल्ट’मुळे. हे नाव मुळात काळ्याभोर, कापसाला पोषक मातीवरून पडलं. आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या रेगूरसारखीच कसदार जमीन. त्या कापसावर गुलाम राबले आणि त्यांचे वंशज आजही तिथेच राहतात. २०१८ मध्ये ह्यूमन राइट्स वॉचने या भागावर अहवाल काढला: राज्यात कृष्णवर्णीय स्त्रिया या कॅन्सरने गोऱ्या स्त्रियांच्या जवळपास दुप्पट दराने मरत होत्या, आणि अनेक ग्रामीण काउंट्यांमध्ये स्त्रीरोगतज्ज्ञच नव्हते. कोल्पोस्कोपीसाठी तासन् तास गाडी चालवत जायचं.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. २०२३ मध्ये गर्भाशयमुखाचा कॅन्सर संपवण्यासाठी राज्यव्यापी कृती आराखडा जाहीर करणारं अमेरिकेतलं पहिलं राज्य अलाबामाच ठरलं.

वयाची ६५ वर्षं झाली, आता तपासणी नको ना?

आधीच्या तपासण्या नियमित आणि स्वच्छ आल्या असतील तर अमेरिकेत ६५ नंतर थांबतात. पण ‘आधीच्या’ वर सगळं अवलंबून आहे. दहा-पंधरा वर्षं तपासणीच झाली नसेल तर थांबायचं नाही. पिशवी काढलेल्या स्त्रियांना वगळून हिशेब केला, तर कृष्णवर्णीय स्त्रियांत हा रोग आणि मृत्यू साठी-सत्तरीनंतरही खूप आहेत. पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर लाल गेलं, तर वय कितीही असो, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवायचं.

स्वतःच नमुना घ्यायची सोय आहे म्हणे?

आहे. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दवाखान्यात स्वतः नमुना घ्यायला मान्यता दिली, मे २०२५ मध्ये घरी घ्यायच्या एका साधनालाही. स्पेक्युलम नाही, पाय फाकवून टेबलावर झोपणं नाही. ज्या बाईला पूर्वी त्या टेबलावर वाईट अनुभव आलाय, तिच्यासाठी हे मोठं आहे. पण पॉझिटिव्ह आल्यावर जवळ कोल्पोस्कोपी करणारंच कुणी नसेल, तर गळती एक पायरी पुढे सरकते, इतकंच.

महाराष्ट्रातल्या वाचकांचा याच्याशी काय संबंध?

एचपीव्ही तपासणी जीव वाचवते याचा जगातला एक भक्कम पुरावा उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातून आला. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलसह झालेल्या या अभ्यासात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया होत्या. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने आठ वर्षांत मृत्यू जवळपास निम्म्यावर आले: तपासणी न केलेल्या गटात ६४, एचपीव्ही तपासणीच्या गटात ३४. २००९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तुलनेच्या गटातल्या सुमारे ३१ हजार स्त्रियांना तपासणी दिली नव्हती, यावर पुढे बरीच टीका झाली आणि ती मला योग्य वाटते. हेन्रिएटा लॅक्ससारखंच, जगाला ज्ञान मिळालं त्याची किंमत गरीब बायकांनी मोजली.

प्रकारांचं म्हणाल तर भारतात १६ आणि १८ चा वाटा पाचात चार एवढा मोठा आहे, त्यामुळे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक, जिच्यात ६, ११, १६, १८ आहेत, आपल्याकडे चांगली उपयोगी आहे. ३५ ची चिंता इथे फारशी नाही. इथली चिंता तपासणीचीच आहे. २०२२ मध्ये भारतात या कॅन्सरचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आणि ८० हजारांच्या आसपास मृत्यू, असा जागतिक अंदाज आहे.

माझ्या रिपोर्टवर ‘१६ निगेटिव्ह, १८ निगेटिव्ह, अन्य हाय-रिस्क पॉझिटिव्ह’ असं आहे. मी निश्चिंत राहू का?

निश्चिंत नको, घाबरूही नका. बऱ्याच तपासण्या १६ आणि १८ वेगळे दाखवतात आणि बाकीचे डझनभर प्रकार एकाच खोक्यात टाकतात. ३५ त्या खोक्यात असतो, तसेच ३३, ५८, ६८ ही. १६ किंवा १८ निघाला तर थेट कोल्पोस्कोपीला पाठवतात. ‘अन्य’ निघाला तर आधी पॅपच्या पेशी बघतात, त्या ठीक असतील तर साधारण वर्षाने पुन्हा तपासणी. तुमच्या समाजात ‘अन्य’ मधले प्रकार जास्त असतील, तर ही वर्षाची तारीख चुकवणं तुम्हाला जास्त महागात पडू शकतं. प्रयोगशाळेकडे प्रकारांचा पूर्ण तपशील मिळतो का ते विचारा, हल्ली काही तपासण्यांत मिळतो. सलग दोनदा पॉझिटिव्ह आला तर पॅप चांगली असली तरी कोल्पोस्कोपी मागा. आणि रिपोर्टची प्रत स्वतःकडे ठेवा, कारण दवाखाना बदलला की जुना रिपोर्ट मागे राहतो आणि पुढचा डॉक्टर पहिल्यापासून सुरुवात करतो.